इनर लाइन, परवाना आणि आपलं नाव

(नागपुरात तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘संचारस्वातंत्र्य’ असा विषय दिला आहे. विषय मोठा, आणि मी काही वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. म्हणून त्यातला एकच कागद उचलतो. सीमाभागात जाण्याचा परवाना.

तुमच्यातले बरेच जण नोकरीला लागलेत. हातात चार पैसे आलेत, बाईक आहे, सुट्ट्या साठवून ठेवल्यात. कुणाला तवांगला जायचंय, कुणाला लक्षद्वीपला. बेत ठरायला लागला की कुणीतरी म्हणतं, “अरे, तिकडे परमिट लागतं.” आणि लगेच हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो, “आपल्या नावाला मिळेल का?” हा दुसरा प्रश्न मी फक्त मुस्लिम मित्रांकडून ऐकलाय. ऑफिसातल्या इतर सहकाऱ्यांच्या डोक्यात तो येतही नाही. उत्तर आधीच देऊन टाकतो: मिळतं. पण हा प्रश्न आपल्याला का पडतो, आणि तो परवाना मुळात कशासाठी आहे, हे समजून घेतलं नाही तर आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतो आणि चुकीच्या गोष्टीवर रागावतो.

आपण राहतो झिरो माईलच्या गावात. देशाची सीमा इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे सीमेवरचे नियम आपल्याला फक्त बातम्यांतून कळतात, आणि बातम्यांत ‘सीमा’ आणि ‘मुसलमान’ हे शब्द एकत्र आले की पुढचा शब्द बहुतेक ‘घुसखोर’ असतो. ऐकून ऐकून आपणही गृहीत धरतो की सीमेजवळचा प्रत्येक कागद आपल्यावरच्या संशयापोटी काढलेला आहे. तसं नाही.

भारतीय नागरिकाला अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या चार राज्यांत जायला इनर लाइन परमिट लागतं. त्याचं मूळ 1873 च्या एका इंग्रजी रेग्युलेशनमध्ये आहे. आसामच्या मैदानात चहाचे मळे वाढत होते, डोंगरातून रबर, हस्तिदंत येत होतं, मळेवाले वर सरकत होते आणि डोंगरातल्या जमातींशी भांडणं होत होती. इंग्रजांनी नकाशावर एक रेषा ओढली. ‘ब्रिटिश प्रजाजनांनी’ पासशिवाय ती ओलांडायची नाही, आणि रेषेपलीकडे बाहेरच्याने जमीन घ्यायची नाही. यात इंग्रजांना आदिवासींचा कळवळा होता असं कुणी समजू नये. व्यापार आपल्या मुठीत राहावा, भांडणांचा खर्च वाचावा, हा हिशोब होता. पण स्वातंत्र्यानंतर ती रेषा पुसली गेली नाही. 1950 मध्ये फक्त ‘ब्रिटिश प्रजाजन’ हे शब्द जाऊन ‘भारताचे नागरिक’ हे शब्द आले. ज्यांच्यावर लादली होती त्यांनाच ती रेषा आता हवी होती. संख्या कमी, जमीन सामूहिक, आणि खाली मैदानात कोट्यवधी माणसं. रेषा गेली तर आपण आपल्याच डोंगरात अल्पसंख्य होऊ, ही भीती होती आणि आहे.

विदर्भातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे गडचिरोलीत जायला परवाना लागत नाही, पण आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहज विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम 36-अ तुमच्यातल्या प्लॉटचा धंदा करणाऱ्यांना चांगलंच माहीत असेल! तिथे जमिनीला कुंपण आहे, इकडे माणसाच्या येण्यालाही आहे. हेतू बराचसा एकच.

आणि घटनेत याला जागा आहे. कलम 19 म्हणतं, प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क आहे. त्याच कलमाचा पाचवा खंड म्हणतो, सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या हक्कांवर वाजवी निर्बंध घालता येतील. म्हणजे परवाना हा घटनेला दिलेला चकवा नाही, घटनेनेच ठेवलेली फट आहे. सगळा वाद ‘वाजवी’ या शब्दाचा.

इथे आपल्या गावची एक गोष्ट सांगायलाच हवी. या हक्कावरचा सुप्रीम कोर्टातला अगदी सुरुवातीचा खटला नागपूरच्या माणसाचा आहे. डॉ. ना. भा. खरे. 1937 मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. पुढे काँग्रेसशी बिनसलं आणि ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. 1950 मध्ये दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार केलं. खरे सुप्रीम कोर्टात गेले. कोर्ट सुरू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. निकाल 26 मे 1950 चा, तीन विरुद्ध दोन, आणि खरे हरले. पण न्यायमूर्ती मुखर्जी आणि न्यायमूर्ती महाजन यांनी वेगळं मत दिलं. अधिकाऱ्याचं स्वतःचं समाधान झालं एवढ्यावर नागरिकाला हाकलता यावं आणि ते समाधान कुणी तपासूच नये, हे त्यांना वाजवी वाटलं नाही.

हिंदू महासभेच्या अध्यक्षाचा खटला मी इथे का सांगतोय, असं कुणाला वाटेल. आज आपल्या वस्तीतल्या पोराला तडीपारीची नोटीस येते तेव्हा त्याचा वकील जो मुद्दा मांडतो, तो मुद्दा त्या दोन न्यायमूर्तींनी खऱ्यांच्या बाजूने मांडला होता, म्हणून. हक्काला कुणाचं आडनाव चिकटलेलं नसतं. निर्बंधालाही नसावं.

आता लक्षद्वीप. माझ्या मते आपल्यासारख्यांनी नीट अभ्यासावं असं हेच उदाहरण आहे.

2011 च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या 64,473. म्हणजे आपल्या महापालिकेच्या एक-दोन प्रभागांएवढी. त्यात 96 टक्क्यांहून जास्त मुसलमान, आणि जवळजवळ सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. एकूण जमीन 32 चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर. बहुतेक बेटांवर मलयाळमची एक बोली बोलतात, मिनिकॉयला महल भाषा, जी मालदीवच्या धिवेहीची बहीण. इथे जायला बाहेरच्या प्रत्येक भारतीयाला परवाना लागतो, 1967 च्या नियमांनुसार. कुठल्या बेटावर जाणार हे आधी सांगावं लागतं.

आता बघा. मोमीनपुऱ्यातला मुसलमान आणि धरमपेठेतला ब्राह्मण दोघे लक्षद्वीपला निघाले तर दोघांना तोच अर्ज. मी तिथे जाऊन सांगितलं की मीही मुसलमान आहे, तुमच्याच मशिदीत नमाज पढणार आहे, तर लोक प्रेमाने चहा पाजतील, पण परवान्यात सूट मिळणार नाही. तिथे ‘आतला’ म्हणजे बेटावरचा आणि ‘बाहेरचा’ म्हणजे आपण. 2021 मध्ये तिथल्या प्रशासनाने जमीन आणि विकासासंबंधी नव्या नियमांचे मसुदे आणले, तेव्हा बेटावरच्या लोकांनी घराघरांतून विरोध केला. आपली इवलीशी जमीन मोठ्या प्रकल्पांसाठी काढून घेतली जाईल, ही त्यांची भीती होती. नागा किंवा मिझो माणसाच्या भीतीहून ती वेगळी आहे का? मला तरी वाटत नाही. म्हणून लक्षद्वीपच्या माणसाच्या बाजूने बोलायचं आणि नागालँडच्या परवान्याला ‘देशात देश’ म्हणून नाकं मुरडायची, हे जमणार नाही. उलट बाजूनेही तेच.

लडाखचं थोडक्यात सांगतो. तिथल्या संरक्षित भागांसाठी भारतीयांना लागणारं इनर लाइन परमिट ऑगस्ट 2021 मध्ये काढून टाकलं. नुब्रातलं तुर्तुक हे बाल्टी मुसलमानांचं गाव, 1971 च्या युद्धात भारतात आलेलं. तिथे आता आपण ओळखपत्र घेऊन सरळ जाऊ शकतो. पर्यटक खूश. पण त्याच लडाखमधले लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुसलमान, ज्यांचं आपसात फार सख्य होतं असं नाही, ते आज एकत्र बसून सहाव्या अनुसूचीचं संरक्षण मागतायत. म्हणजे एक दार सताड उघडल्यावर घरातली माणसं कडी शोधतायत.

मग आपला प्रश्न खोटा का? नाही. आता त्याच्याकडेच येतो.

माझ्या कामात दोन शब्द रोज लागतात: ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. पहिला विचारतो, तू कोण? दुसरा विचारतो, तुला या दाराच्या आत जायची मुभा आहे का? कंपनीच्या गेटवर कार्ड दाखवलं की तुम्ही कर्मचारी आहात हे ठरतं. त्याच कार्डाने सर्व्हर रूमचं दार उघडलं नाही, तर तुम्ही कर्मचारी नाही असा अर्थ होत नाही. इनर लाइन परमिट हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो अर्ज फक्त भारतीय नागरिकच करतो. परदेशी माणसासाठी वेगळा प्रोटेक्टेड एरिया परमिट असतो. म्हणजे त्या अर्जात तुमचं नागरिकत्व गृहीत धरलेलं आहे. गोंधळ होतो, किंवा मुद्दाम केला जातो, तो या दोन प्रश्नांची सरमिसळ करून. “तुला आत यायची परवानगी आहे का?” असं विचारता विचारता “तू या देशाचा आहेस का?” असं विचारलं जातं. आणि हा दुसरा सूर सगळ्यांसाठी लागत नाही.

2019 चा डिसेंबर आठवा. आपण इथे नागपुरात मोर्चे काढत होतो. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांची नावं आहेत, मुसलमानांचं नाही, हे आपल्याला तोंडपाठ होतं. त्याच कायद्यात आणखी एक ओळ आहे, जिच्याकडे इथे कमी लक्ष गेलं: सहाव्या अनुसूचीतले आदिवासी भाग आणि 1873 च्या रेग्युलेशनमधल्या इनर लाइनचा भाग यांना ही तरतूद लागू नाही. मणिपूर तोवर इनर लाइनमध्ये नव्हतं. 11 डिसेंबरला, राज्यसभेत विधेयक मंजूर झालं त्याच दिवशी, राष्ट्रपतींच्या आदेशाने ते आत घेतलं गेलं. नागालँड सरकारनेही त्याच आठवड्यात दिमापूर जिल्हा रेषेच्या आत घेतला. ज्या कायद्यात आपलं नाव नव्हतं, त्या कायद्यात इनर लाइनचं नाव होतं.

तेव्हा गुवाहाटीतही लोक रस्त्यावर होते, पण त्यांचा राग आपल्यासारखा नव्हता. आपण म्हणत होतो, धर्मावरून भेद करू नका. तिथले बरेच जण म्हणत होते, हिंदू असो की मुसलमान, बाहेरचं कुणीच नको. दोन्ही मोर्चे एकाच कायद्याविरुद्ध, पण एक नव्हेत. आपल्या चळवळीत ही चर्चा व्हायला हवी होती, अजूनही व्हायला हवी.

कारण या ‘बाहेरचा’ शब्दाचं पुढे काय होतं, त्याचं उदाहरण दिमापूरनेच दाखवलंय. 5 मार्च 2015. बलात्काराच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या एका मुसलमान माणसाला जमावाने दिमापूरच्या मध्यवर्ती कारागृहातून ओढून काढलं आणि रस्त्यात ठार मारलं. आरोप गंभीर होता, त्याचा निवाडा कोर्टात व्हायचा होता, तो झालाच नाही. पण मला इथे दुसरी गोष्ट सांगायची आहे. त्याच्याबद्दल सगळीकडे पसरवलं गेलं की तो बांगलादेशी घुसखोर आहे. तो आसामच्या करीमगंज जिल्ह्यातला होता. भारतीय. घरातली माणसं भारतीय सैन्यात. बंगाली बोलणारा मुसलमान, एवढ्यावर त्याचा देश बदलून टाकला.

नागा लोकांची आपल्या जमिनीबद्दलची भीती खरी आहे, हे मी मघाशी म्हटलं आणि ते मागे घेत नाही. पण परवान्याची रेषा आणि जमावाची रेषा वेगळी. परवाना सगळ्या बाहेरच्यांना एकच प्रश्न विचारतो. जमाव एका नावाच्या माणसालाच विचारतो, आणि उत्तराची वाट बघत नाही. पहिल्याचा मान ठेवायचा, दुसऱ्याशी लढायचं. दोन्ही एकदम करता येतं.

हे झालं भीषण टोक. रोजच्या आयुष्यात गोष्ट बरीच किरकोळ असते. आमच्या ऑफिसातले आम्ही सहा जण तवांगला गेलो. अरुणाचलचा अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, कुठे जाणार, कधी जाणार. गाडी ठरवून देणाऱ्या एजंटने सगळ्यांकडून आधारची प्रत घेतली आणि मला एकट्याला फोन करून म्हणाला, “तुमच्या पासपोर्टची कॉपी पण पाठवा, सेफ साइड.” मी विचारलं, बाकीच्यांकडून घेतली का? नाही. कुठल्या नियमात आहे? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “राहू द्या, सर.” माणूस दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक गेटवर अडकलं तर त्याचेच पैसे बुडणार, या हिशोबाने त्याने नाव बघून स्वतःचा एक जादा नियम केला होता. परवाने सहाही जणांचे एकदमच आले. भालुकपोंगच्या गेटवर सहा कागद बघितले, गाडी पुढे. पुढे तवांगहून बुम ला खिंडीत जायला वेगळी परवानगी काढावी लागते, तीही सगळ्यांना सारखीच. सेलाच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे दिसतं त्याचं वर्णन करत नाही, जाऊन बघा.

सांगायचा मुद्दा, सरकारी नियम एक असतो आणि त्याच्याभोवती एजंट, हॉटेलवाला, ड्रायव्हर, एखादा शिपाई असे स्वतःचे नियम उभे करतात. आपल्या पोरांना जो त्रास होतो तो बहुतेक या दुसऱ्या वर्तुळात होतो, आणि आपण तो ‘सरकार आपल्याला जाऊ देत नाही’ या खात्यात टाकून घरी बसतो. तिथे आवाज न चढवता दोनच प्रश्न विचारायचे: नियम कोणता? आणि सगळ्यांकडून घेता का? शक्य असेल तर लेखी विचारायचं. उत्तर लेखी द्यायचं म्हटलं की असले पुष्कळ नियम विरघळतात.

पण त्यासाठी आपले कागदही सरळ हवेत. इथे मी जरा इंजिनिअरसारखा बोलतो. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. आपल्याकडे ‘शेख’ हे एकच नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहितात. आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, लायसन्सवर तिसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे ‘मो.’, कुठे एम-डी. माणसाला हे एकच नाव वाटतं, मशीनला तीन माणसं. आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी 31 ऑगस्ट 2019 ला आली, त्यात 19 लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले. कागदोकागदी न जुळणारी स्पेलिंगं हा तिथे हजारो घरांचा घोर होता. सहलीच्या निमित्ताने का होईना, घरातल्या सगळ्यांची स्पेलिंगं एकदा जुळवून घ्या. अम्मीचं आधी. लग्नानंतर बदललेल्या नावांत सगळ्यात जास्त गडबड असते.

आणखी दोन-तीन गोष्टी, मग प्रश्न घेऊ. पर्यटनाचा परवाना हा कामाचा परवाना नव्हे. फर्निचर किंवा टाइल्सच्या कामाला जाणाऱ्या पोरांनी हे नीट लक्षात ठेवा. मिझोराममध्ये जास्त काळ राहून काम करायचं तर वेगळा परवाना लागतो आणि त्याला स्थानिक माणूस जामीन म्हणून लागतो. ठेकेदार म्हणेल ‘चल, बघू नंतर’. तसं जाऊ नका. मुदत संपल्यावर पकडलं गेलं की ती बातमी ‘परवान्याची मुदत संपली’ अशी छापून येत नाही, आपल्या नावासोबत तर नाहीच.

परदेशातल्या नातेवाइकांना घेऊन जाणार असाल तर ओसीआय कार्ड असलं तरी त्यांना परदेशी माणसाचाच परवाना लागतो. मणिपूर, मिझोराम, नागालँडमध्ये 2011 पासून परदेशी पर्यटकांना यातून सवलत होती, ती डिसेंबर 2024 मध्ये काढून घेतली. पाकिस्तानी वंशाचे परदेशी नागरिक असतील, म्हणजे कराचीला गेलेल्या चुलतआजोबांचा लंडनमधला नातू समजा, तर गृहमंत्रालयाच्या आधीच्या मंजुरीशिवाय मिळत नाही. हा भेद नियमातच लिहिलेला आहे. तो मला पटत नाही. आजोबा कुठे जन्मले यावरून नातवाचा धोका मोजता येत नाही. पण तो लिहिलेला आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध निदान बोलता तरी येतं.

शेवटचं काम आपल्या गटासाठी. परवान्याचे किती अर्ज नाकारले आणि कोणत्या कारणांनी, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. चारही राज्यांना आणि लक्षद्वीप प्रशासनाला एकेक अर्ज करायचा. ज्यांना मसुदा लिहायला आवडतो त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, आजच पाच जणांत वाटून घेऊ. आणि लक्षद्वीपचा बेत असेल तर ईदनंतर बघू म्हणू नका. मेच्या अखेरीस तिकडे पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो आणि कोचीहून जाणं अवघड होतं. अर्ज आधीच टाका.